आधी कोणाला विचारायचं?

लिनक्सच्या बहुतेक मशीनवर 'ईटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये एक छोटीशी फाइल असते: एनएसस्विच डॉट कॉन्फ. आजूबाजूला शंभरएक फायलींची गर्दी असते, त्यामुळे हिच्याकडे सहसा कोणी ढुंकून बघत नाही. या फाइलमध्ये एक ओळ असते. देवनागरीत लिहायची झाली तर साधारण अशी:

होस्ट्स: फाइल्स डीएनएस

अर्थ अगदी सोपा. एखाद्या यंत्राचं नाव समोर आलं की त्याचा पत्ता आधी स्वतःच्या वहीत शोध, आणि तिथे नाही मिळाला तर डीएनएसला, म्हणजे बाहेरच्या जगाला विचार. बस्स, एवढंच.

पण मंडळी, या दोन शब्दांच्या क्रमात पन्नास वर्षांचा इतिहास आहे आणि बरीच भांडणंही. नावावरून पत्ता शोधणं हे वरवर पाहता कारकुनी काम वाटतं. खोलात गेलं की कळतं, प्रश्न वेगळाच आहे: कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, आणि कोणी 'नाही' म्हटलं तर ते शेवटचं मानायचं का? आजचा लेख त्यावर.

वहीचे दिवस

१९६९ मध्ये आर्पानेट सुरू झालं तेव्हा यंत्राचा पत्ता फक्त आठ बिटांचा होता. म्हणजे जास्तीत जास्त २५६ यंत्रं. आकडा लक्षात ठेवणंही फार अवघड नव्हतं. पण माणसाला नावं लागतात. म्हणून प्रत्येक संस्थेने आपापली यादी करायला सुरुवात केली, आणि व्हायचं तेच झालं. एका ठिकाणी एका यंत्राचं जे नाव, ते दुसऱ्या ठिकाणी वेगळंच. सप्टेंबर १९७१ मध्ये माइटर या संस्थेतल्या पेगी कार्प यांनी आरएफसी २२६ लिहून सुचवलं, की निदान यंत्रांची नावं तरी सगळीकडे एकच ठेवू या. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम आणि प्रस्ताव ज्यांतून मांडले जातात ते क्रमांक घातलेले कागद. यातले बरेचसे वाचायला मजेदार असतात, खोटं वाटेल पण खरं आहे.)

नावं ठरली तरी याद्या प्रत्येकाच्या वेगळ्याच राहिल्या. नवं यंत्र आलं की प्रत्येकाने आपल्या हाताने यादी दुरुस्त करायची. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी आरएफसी ६०६ मध्ये विचारलं, की आपण एवढं मोठं नेटवर्क बांधलंय, मग ही एक यादी त्याच नेटवर्कवर एका जागी का ठेवत नाही? (हेच डॉइच पुढे घोस्टस्क्रिप्ट लिहिणारे.) तीन-चार महिने कागदोपत्री चर्चा झाली आणि १९७४ मध्ये काम ठरलं. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्राने, म्हणजे 'निक'ने, एकच अधिकृत यादी ठेवायची. बाकीच्यांनी ती उतरवून घ्यायची. तिचं नाव होस्ट्स डॉट टीएक्सटी.

या केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइन्लर. शिक्षण रसायनशास्त्राचं, ओळख 'जेक' या नावाने. यंत्राचं नाव नोंदवायचं तर निकला कळवायचं, तिथली माणसं ते नाव आधी कोणी घेतलंय का बघणार, यादीत घालणार, आणि आठवड्यातून एक-दोनदा नवी यादी बाहेर पडणार. थोडक्यात अख्ख्या नेटवर्कचं एकच तलाठी कार्यालय, आणि दप्तर एका फाइलीत मावणारं.

त्या दप्तराचे नियम मात्र चिवट निघाले. नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ चालेल. अंडरस्कोअर नाही, इतर कुठलीही लिपी नाही. १९८५ च्या आरएफसी ९५२ मध्ये हे नियम लिहिलेले आहेत. दप्तर गेलं, नियम राहिले. त्यांच्याकडे शेवटी येऊ, कारण ते थेट आपल्यापर्यंत पोचतात.

वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द

एकाच यादीत सगळी नावं, तीही एकाच पातळीवर. यातली अडचण महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. वडगाव नावाची गावं किती! म्हणून मग वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द (फारसीतून आलेले हे शब्द, मोठं आणि धाकटं), वडगाव शेरी, वडगाव मावळ. नाव एकदा कोणी घेतलं की दुसऱ्याने शेपूट जोडायचं. आर्पानेटवर शेपटाऐवजी शेंडी होती. 'एआय' नावाचं यंत्र एमआयटीतही हवं होतं आणि स्टॅनफर्डलाही, मग एक झालं एमआयटी-एआय आणि दुसरं एसयू-एआय.

नावांच्या टक्करीपेक्षाही मोठी भानगड होती ती गणिताची. यंत्रं दुप्पट झाली की यादीची लांबी दुप्पट, आणि ती यादी उतरवून घेणारेही दुप्पट. म्हणजे एकूण वाहतूक चौपट. यंत्रं दहापट झाली तर शंभरपट. त्यात १९८० च्या सुमारास एका मोठ्या सामाईक यंत्राच्या जागी प्रत्येकाच्या टेबलावर छोटं यंत्र येऊ लागलं. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट टीसीपी/आयपीवर गेलं आणि नेटवर्कला नेटवर्क जोडणं सोपं झालं. काहीशे नावांची यादी हजारोंच्या दिशेने निघाली. मेन्लो पार्कमधल्या मोजक्या माणसांनी साऱ्या जगाची बारशी करायची, हे कितीही मेहनत केली तरी चालणारं नव्हतं.

मु. पो., ता., जि.

उत्तर आपल्या पोस्टाच्या पत्त्यात कधीचं आहे. पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक. पिंपळगाव हरेश्वर, ता. पाचोरा, जि. जळगाव. उद्या दोन्ही गावांनी आपली आडनावं टाकून दिली तरी पत्र चुकणार नाही, कारण तालुका आणि जिल्हा वेगळा आहे. निफाड तालुक्यातल्या गावांची यादी नाशिकच्या कलेक्टरला पाठ असायची गरज नाही. ती निफाडला माहीत असली की पुरे.

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहिती विज्ञान संस्थेत जॉन पॉस्टेल यांच्यासमोर तेव्हा नावांच्या नव्या व्यवस्थेचे पाच प्रस्ताव होते. पॉल मॉकापेट्रिस या आपल्या सहकाऱ्याला त्यांनी सांगितलं, यातून काहीतरी मधला मार्ग काढ. मॉकापेट्रिसनी पाचही बाजूला ठेवले आणि स्वतःचाच आराखडा केला. नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ आणि ८८३ प्रसिद्ध झाले आणि डीएनएसचा जन्म झाला. १९८७ मध्ये त्यांची जागा १०३४ आणि १०३५ यांनी घेतली, आणि आजही पाया तोच आहे.

डीएनएसची कल्पना पोस्टाच्या पत्त्यासारखीच. नाव डावीकडून उजवीकडे लहानाकडून मोठ्याकडे जातं, आणि प्रत्येक पातळीचं दप्तर त्या त्या पातळीवर. वरच्याला फक्त एवढं माहीत असतं, की खालचं दप्तर कोणाकडे आहे. शोधणारा मुळापासून सुरुवात करतो: मुळाने सांगायचं 'कॉम'वाल्यांना विचार, त्यांनी सांगायचं अमक्या कंपनीला विचार. मिळालेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवायचं, म्हणजे दर वेळी मुळाशी जावं लागत नाही.

या वाटणीत आपल्याही वाट्याला एक दप्तर आलं. १९८९ मध्ये 'डॉट इन' भारताला मिळालं आणि ते सांभाळलं मुंबईत, जुहूच्या एनसीएसटीने, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने. बाहेरच्या जगाशी ई-मेलने बोलणाऱ्या भारतातल्या पहिल्या जागांपैकी ही एक. २००५ मध्ये हे काम निक्सीच्या इन-रजिस्ट्रीकडे गेलं आणि नोंदणी खऱ्या अर्थाने सर्वांना खुली झाली. मेन्लो पार्कला फोन न लावता भारतातली नावं भारतात नोंदवता येणं, हे वाटणीचंच फळ.

वही का उरली?

डीएनएस आलं, मग वही रद्द का नाही झाली? एक कारण अगदी घरगुती आहे. डीएनएसला विचारायचं तर आधी डीएनएसचा पत्ता माहीत हवा, आणि तो डीएनएसला विचारून कसा मिळणार? कोंबडी आधी की अंडं! म्हणून रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलीत नेमसर्व्हरचं नाव लिहिता येत नाही, आकडाच लिहावा लागतो. शिवाय मशीन सुरू होताना नेटवर्क अजून उठलेलं नसतं, तरी त्याला निदान स्वतःचं नाव माहीत असावं लागतं. तेवढ्यासाठी वही लागतेच. विंडोजवरही ती आहे, सिस्टिम३२ च्या पोटात 'ड्रायव्हर्स' आणि त्याच्या पोटात चक्क 'ईटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये. त्या फोल्डरचं नाव युनिक्सच्या घराण्यातलं.

तिसरा गडी मधेच आला. १९८० च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्सने कंपनीच्या आतल्या सगळ्या याद्या एका जागी ठेवणारी 'यलो पेजेस' ही व्यवस्था काढली. हे नाव ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचं होतं, म्हणून ते बदलून एनआयएस करावं लागलं. (नावांची व्यवस्था, आणि तिचंच नाव बदलावं लागलं! तिच्या कमांड मात्र 'वायपी' या जुन्या अक्षरांनीच सुरू होत राहिल्या.) आता उत्तर देणारे तिघे: वही, एनआयएस आणि डीएनएस. कोणाला आधी विचारायचं हे प्रोग्राममध्येच कोरलेलं असायचं. सनओएस ४ वर डीएनएस नीट वापरायचं तर ॲडमिन लोक चक्क सी लायब्ररी नव्याने बांधून घेत. शेवटी हा क्रम प्रोग्राममधून काढून साध्या फाइलीत आणला गेला. डिजिटलच्या अल्ट्रिक्समध्ये एसव्हीसी डॉट कॉन्फ, सनच्या सोलॅरिस २ मध्ये एनएसस्विच डॉट कॉन्फ, जुन्या लिनक्सवर होस्ट डॉट कॉन्फ. पुढे जीलिबसी २ बरोबर लिनक्सनेही सनचीच पद्धत घेतली.

माझ्या मते ही त्या फाइलीची खरी कामगिरी. 'आधी कोणाला विचारायचं' हा निर्णय प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातून निघून मशीनच्या मालकाच्या हातात आला.

'नाही' आणि 'घरी कोणी नाही'

आता या व्यवस्थेतला सगळ्यात नाजूक भाग. तुम्ही एखाद्या वाड्यात जोशींचं घर विचारलंत. एक शक्यता, दार उघडून कोणी सांगेल, "इथे जोशी कोणी राहत नाहीत." दुसरी शक्यता, दारच उघडणार नाही. पहिल्यात तुम्ही परत फिराल, दुसऱ्यात शेजारी विचाराल. मशीनही हाच फरक करतं, आणि कॉन्फिगरेशनमधला निम्मा गोंधळ हा फरक न कळल्यामुळे होतो.

रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये तीन नेमसर्व्हर लिहिता येतात. खूप जणांना वाटतं, पहिल्याकडे नाव नसलं तर मशीन दुसऱ्याला विचारेल. तसं नाही. पहिल्याने "असं नाव नाही" म्हटलं की विषय संपला. दुसऱ्याकडे जायचं ते पहिला गप्प बसला तर, आणि तेही सहसा पाच सेकंद वाट बघून. लॉगिन करताना दर वेळी बरोबर पाच सेकंद मशीन थबकत असेल, तर यादीतला पहिला नेमसर्व्हर जिवंत आहे का ते आधी बघावं. ऑफिसचा सर्व्हर पहिला आणि बाहेरचा दुसरा लिहून 'दोन्हीकडची नावं सापडतील' अशी आशा करण्यात अर्थ नाही.

उबंटूच्या बऱ्याच डेस्कटॉपवर सुरुवातीची ओळ अशी सापडेल:

होस्ट्स: फाइल्स एमडीएनएस४_मिनिमल [नॉटफाउंड=रिटर्न] डीएनएस

मधला शब्द म्हणजे घरातल्या घरात हाक मारायची पद्धत: "प्रिंटर, कुठे आहेस रे?" ही फक्त 'लोकल'ने संपणाऱ्या नावांसाठी. आणि चौकोनी कंस सांगतो, की घरातल्या नावाला घरात कोणी ओ दिली नाही तर तिथेच थांब, ते नाव घेऊन गावभर विचारत फिरू नकोस. घरातल्या यंत्रांची नावं बाहेर कळू नयेत, हा त्यातला शहाणपणा.

हा शहाणपणा ठेच लागल्यावर आला. अर्धवट नावाला कंपनीचं नाव आपोआप जोडून बघायची सोय जुन्या रिझॉल्व्हरमध्ये होती. पण ती पूर्ण नावालाही जोडून बघायची, आणि मग एकेक तुकडा कमी करत वर सरकायची. 'डॉट कॉम'वाल्या कंपनीत बसून 'डॉट एडू'ने संपणारं विद्यापीठाचं नाव टाकलं, की शोध मधेच 'एडू डॉट कॉम'पाशी पोचायचा. म्हणजे एडू डॉट कॉम हे नाव ज्याच्याकडे, त्याला अशा सगळ्या विद्यापीठांची तोतयेगिरी करता येणार! १९९३ च्या आरएफसी १५३५ मध्ये हा धोका मांडला गेला. त्यानंतर नियम झाला, की नावात टिंब असेल तर ते आधी आहे तसं विचारायचं. टिंबांची ही मर्यादा 'एनडॉट्स', आणि ती सहसा एक असते. कुबरनेटीसमध्ये मात्र ती पाच ठेवलेली आहे, त्यामुळे तिथे बाहेरचं साधं नावही आधी घरातल्या तीन-चार शेपट्या लावून शोधलं जातं. क्लस्टरमधून बाहेरच्या सेवेला जाणारी प्रत्येक हाक उगाच उशिरा का पोचते, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

क्रम कोणी बदलला?

हा क्रम, किंवा हे 'नाही', कोणी गुपचूप बदललं की काय होतं, याचे चार दाखले.

जानेवारी १९९८. जॉन पॉस्टेल यांनी रूट सर्व्हर सांभाळणाऱ्या आठ जणांना ई-मेल पाठवली: मुळाची यादी यापुढे नेटवर्क सोल्यूशन्सच्या मशीनवरून न घेता आमच्या मशीनवरून घ्या. आठही जणांनी ऐकलं. यादी तीच होती, त्यामुळे वापरणाऱ्यांना काही कळलंही नाही. वॉशिंग्टनला मात्र लगेच कळलं. व्हाइट हाउसमधून दबाव आला, सगळं पूर्ववत झालं, आणि पॉस्टेल यांनी ती चाचणी असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी आयकॅनची स्थापना झाली आणि ऑक्टोबरमध्ये पॉस्टेल गेले.

सप्टेंबर २००३. 'डॉट कॉम' आणि 'डॉट नेट'चं दप्तर सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनने ठरवलं, की नसलेलं नाव कोणी विचारलं तर 'नाही' म्हणायचंच नाही, आपल्या साइट फाइंडर या पानाचा पत्ता द्यायचा. ब्राउझरवाल्याला एक जाहिरातीचं पान दिसलं, एवढंच. पण पाठवणाऱ्याचं डोमेन खरं आहे का हे बघून स्पॅम अडवणाऱ्या मेल सर्व्हरांची फसगत झाली, कारण आता प्रत्येक खोटं डोमेन 'आहे' असंच उत्तर यायला लागलं. बाइंड या डीएनएस सर्व्हरच्या कर्त्यांनी असली उत्तरं फेकून द्यायची सोय लगोलग काढली, आयकॅनने डोळे वटारले, आणि ४ ऑक्टोबरला हा प्रकार थांबला. प्रामाणिक 'नाही'ची किंमत त्या तीन आठवड्यांत सगळ्यांना कळली.

जानेवारी २००४. मायडूम या व्हायरसच्या दुसऱ्या अवताराने लोकांच्या विंडोज मशीनवरच्या वहीतच खाडाखोड केली. अँटिव्हायरस कंपन्यांच्या नावांसमोर चुकीचे पत्ते लिहिले. वहीला पहिला मान असल्यामुळे डीएनएस कितीही खरं बोललं तरी उपयोग नाही. औषधाच्या दुकानाचा रस्ताच बंद. (तीच युक्ती उलटी फिरवून जाहिरातवाल्यांची नावं वहीत कोंडणारेही पुष्कळ आहेत.)

फेब्रुवारी २०२०. अमेरिकेतल्या फायरफॉक्सने ठरवलं, की नावांची विचारणा आता मशीनमध्ये नेमलेल्या नेमसर्व्हरला न करता गुप्त मार्गाने, एचटीटीपीएसवरून, ठरावीक कंपन्यांना करायची. हेतू चांगला होता, वाटेतल्या कोणाला आपली विचारणा वाचता येऊ नये. पण सोलॅरिसच्या काळात प्रोग्रामकडून मालकाकडे आलेला निर्णय पुन्हा प्रोग्रामकडे गेला. बंद करायची सोय ठेवली आहे हे खरं, पण ती शोधून बंद करणारे किती?

आणि आपली लिपी

आता ते चिवट नियम. २०१४ मध्ये 'डॉट भारत' देवनागरीत सुरू झालं, मराठी आणि कोकणीतही आता पूर्ण नाव लिहिता येतं. पण तारेतून जाताना 'भारत' हे 'भारत' म्हणून जात नाही. प्युनीकोड नावाच्या पद्धतीने (आरएफसी ३४९२, साल २००३) त्याचं 'एक्सएन'ने सुरू होणारं इंग्रजी अक्षर-आकड्यांचं एक विचित्र रूप होतं, आणि पलीकडे पुन्हा देवनागरी. कारण मेन्लो पार्कच्या त्या यादीत फक्त अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ चालायची, आणि तो नियम गृहीत धरून लिहिलेली सॉफ्टवेअरं जगभर पसरलेली आहेत. काहीशे यंत्रांसाठी केलेला नियम आपल्या लिपीला आजही वेशांतर करायला लावतो. मला यात राग येण्यापेक्षा शिकण्यासारखं जास्त दिसतं: सोयीसाठी केलेली छोटी यादी कधी कायदा होऊन बसेल, हे ती करणाऱ्यालाही माहीत नसतं.

असो. या वीकएंडला तासभर मोकळा असेल तर आपल्या मशीनवरची ती ओळ उघडून बघा. मग वहीत एक खोटंच नाव घाला, आणि त्याचा पत्ता आधी 'डिग'ने विचारा आणि नंतर 'गेटएंट होस्ट्स'ने. डिग सहसा म्हणेल असं नाव नाही, कारण ते स्वतः वही न बघता सरळ डीएनएसकडे जातं. गेटएंट पत्ता सांगेल, कारण ते तुमच्या क्रमाने विचारतं. दोघांची उत्तरं वेगळी का आली हे एकदा डोळ्यांनी बघितलं, की पुढच्या वेळी "माझ्या मशीनवर चालतंय, तुझ्याच का नाही" या वादात किल्ली कुठे शोधायची ते तुम्हाला माहीत असेल. आणि प्रयोग झाला की ते नाव वहीतून पुसायला विसरू नका.